दारोदार सर्वेक्षणाचं काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या कामात नव्याने येणारी मुलंमुली, त्यांचे आईवडील आणि कधीकधी ज्यांच्या दारात आम्ही जातो ती माणसंसुद्धा मला प्रश्न पाठवत असतात. सोळा वर्षं फील्डवर काढली, त्यात काही प्रश्न शब्दशः तेच येत राहिले. ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे काम नेमकं काय असतं? माल विकायला येतात त्यातलंच का?

नाही. आम्ही काही विकत नाही आणि वर्गणीही मागत नाही. ठरवून दिलेल्या घरी जायचं, ठरवून दिलेल्या माणसाला ठरवून दिलेले प्रश्न विचारायचे आणि मिळालेलं उत्तर न बदलता परत आणायचं, एवढंच काम. ‘ठरवून दिलेल्या’ हे मुद्दाम तीनदा लिहिलं आहे, कारण पुढचे बहुतेक प्रश्न तिथेच येऊन अडतात. विषय काहीही असू शकतो: रोजगार, आजारपण, घरखर्च, मुलांची वाढ, मतं.

हे काम जुनं आहे. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १८९६-९७मध्ये फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात स्वतः दारोदार फिरून तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची माहिती जमवली आणि तो अभ्यास १८९९मध्ये छापून आला. आता पन्नास-शंभर माणसांची टीम असते, हातात टॅब असतो. दार वाजवल्यावर पोटात येणारा गोळा मात्र तोच असावा.

२. शिक्षण किती लागतं? अनुभव नसेल तर घेतात का?

घेतात. स्पष्ट वाचता येणं, नकाशा समजणं, लोकांच्या बोलण्यात मध्येच न घुसणं हे पदवीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. ट्रेनिंग प्रश्नावलीनुसार चार दिवसांचं असतं, तसंच चार आठवड्यांचंही असतं. मोजमापं असली तर वेळ जास्त लागतो. उदाहरणार्थ, दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घेतात आणि त्यापुढच्या मुलाची उंची उभं करून. एकाच मुलाच्या या दोन मापांत सुमारे ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो. मूल रडतंय म्हणून हाताला येईल तसं मोजलं, तर तेवढ्यानेही मूल खुजं ठरू शकतं किंवा खुजं असून सुटू शकतं.

ट्रेनिंगमध्ये एकमेकांच्या खोट्या मुलाखती घ्यायला लावतात. तिथे लाजू नका. ज्यांनी तिथे चुका केल्या नाहीत ते दारात करतात.

३. दिवस कसा जातो?

सकाळी टीम एका वस्तीत उतरते. सुपरवायझर घरं वाटून देतो. दुपारपर्यंत बरीच दारं बंद मिळतात, खरं काम चारनंतर आणि सुट्टीच्या दिवशी होतं. रात्री मुक्कामाच्या जागी टॅब चार्जिंगला लावायचा, राहिलेल्या घरांची यादी करायची, फॉर्म सिंक करायचे. दोन-तीन दिवसांनी सामान उचलून पुढचं गाव किंवा पुढचा वॉर्ड. महिनोन्‌महिने पिशवीतल्या सामानावर राहावं लागतं, हे घरच्यांना आधी नीट सांगा.

४. पिशवीत काय ठेवावं?

ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, सर्वेक्षणाचं अधिकृत पत्र प्लास्टिकच्या पाकिटात, शो-कार्डं (उत्तरांचे पर्याय छापलेली, समोरच्याला दाखवायची कार्डं), पॉवर बँक, पाणी, छत्री, दोन पेनं, छापील कोरे फॉर्म (प्रश्न १७) आणि चिठ्ठ्यांचा छोटा गठ्ठा. बंद दाराच्या फटीत ‘मी अमुक वेळी येऊन गेले, उद्या सहा वाजता पुन्हा येते’ अशी हाताने लिहिलेली चिठ्ठी सरकवली, की दुसऱ्या दिवशी दार अनोळखी राहत नाही. विषय चिठ्ठीत लिहायचा नाही. ती कुणाच्या हाती पडेल ते आपल्याला माहीत नसतं.

५. दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं?

बोलण्याच्या आधीचं सांगते. दार वाजवलं की दोन पावलं मागे सरकायचं. उंबऱ्याला चिकटून उभ्या माणसाला पाहून आतला माणूस दार धरून ठेवतो. ओळखपत्र छातीवर दिसेल असं, टॅब खाली.

मग नाव, कुणाकडून आलो, या घरी का आलो आणि किती वेळ लागेल, या क्रमाने. मी साधारण असं म्हणते: ‘नमस्कार काका, मी अमुक. आरोग्याच्या सर्वेक्षणासाठी आले आहे. या भागातली काही घरं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडली गेली आहेत, त्यात तुमचं आलंय. चाळीस मिनिटं लागतील. आता जमेल की संध्याकाळी येऊ?’ शेवटच्या वाक्यात दोन्ही पर्याय येण्याचे आहेत, पण खरे आहेत. ‘नको’ म्हणायची मुभा संमती घेताना स्पष्ट शब्दांत द्यायचीच असते.

वेळ खरा सांगा. ‘पाचच मिनिटं’ म्हणून आत शिरलेला सर्वेक्षक विसाव्या मिनिटाला हात जोडत असतो, समोरचे काका घड्याळ बघत ‘हो, हो, नाही, हो’ करून मोकळे होतात. तो फॉर्म पूर्ण दिसतो, पण त्याच्या शेवटच्या अर्ध्या भागाला काही अर्थ नसतो.

६. घर बंद आहे. शेजारचं घर घेतलं तर काय बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. शेजारचं घर घ्यायचं नाही.

सकाळी अकरा वाजता कुणाची घरं बंद असतात? जिथले सगळे कामावर जातात त्यांची. उघडी कुणाची असतात? जिथे म्हातारं माणूस, तान्हं मूल किंवा आजारी माणूस आहे त्यांची. बंद घरं सोडून शेजारची घेत गेलो, तर आकड्यांमध्ये वस्ती आहे त्यापेक्षा म्हातारी, आजारी आणि बेकार दिसायला लागते. आणि गंमत नाही, खरी भीती ही, की कुठल्याही एका फॉर्ममध्ये चूक सापडत नाही. प्रत्येक फॉर्म खरा असतो आणि सगळे मिळून खोटे असतात.

फॉर्मची संख्या वाढवून हे भरून निघत नाही. अमेरिकेत १९३६ साली अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज काढायला ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने जवळपास एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या. अंदाज निघाला लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, ४८पैकी ४६ राज्यांत. ज्यांच्या नावाने पत्रिका गेल्या त्यांत टेलिफोन आणि मोटारवाल्यांचा भरणा होता, शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारे इतरांपेक्षा वेगळे होते.

म्हणून कॉलबॅक, म्हणजे बंद मिळालेल्या घरी पुन्हा जाणं. युरोपातल्या अनेक देशांत होणाऱ्या ‘युरोपियन सोशल सर्व्हे’चा नियम मला आवडतो: घर सोडून देण्याआधी किमान चार फेऱ्या, वेगवेगळ्या दिवशी आणि वेळी, त्यातली एक संध्याकाळी, एक शनिवार-रविवारी, आणि सगळ्या मिळून निदान दोन आठवड्यांत पसरलेल्या. तुमच्या सर्वेक्षणाचा आकडा वेगळा असेल, पण वेळ बदलून जाण्याला पर्याय नाही. रोज अकरा वाजता चारदा जाणं म्हणजे एकदाच जाणं.

माझ्या यादीत एकदा एक घर होतं. तिन्ही फेऱ्यांना कुलूप नाही, आतून कडी, आणि उत्तर नाही. बाहेर जाड तळव्याचे बूट, तळव्यांना सुकलेलं सिमेंट. तिसऱ्या फेरीला बूट किंचित हललेले दिसले, म्हणजे माणूस येऊन-जाऊन होता. चौथ्यांदा संध्याकाळी साडेसातला गेले, तेव्हा तो बाहेर पडतच होता. रात्रपाळी. दिवसभर झोपलेला असायचा. पायात बूट चढवता चढवता म्हणाला, ‘ताई, दार वाजलेलं ऐकू येतं हो, पण उठवत नाही.’ रविवारी सकाळी त्याने पूर्ण तास दिला. त्या वस्तीतून आलेल्या फॉर्ममध्ये रात्रपाळीचा तो एकटा.

७. पण आमच्या सर्वेक्षणात ‘बदली घर’ चालतं. मग?

काही ठिकाणी राखीव घरांची यादी आधीच काढलेली असते. तिथेही बदली घर सुपरवायझर देतो, आपण निवडत नाही, आणि मूळ घराच्या सगळ्या फेऱ्या झाल्यावरच देतो.

कोटा पद्धतीची गोष्ट वेगळी. तिथे ‘इतके पुरुष, इतक्या बायका, या वयाचे इतके’ एवढंच सांगतात आणि माणूस शोधायचं काम आपल्यावर सोडतात. काम पटकन होतं. पण अमेरिकेच्या १९४८च्या अध्यक्षीय निवडणुकीत याच पद्धतीने काम करणाऱ्या मोठ्या संस्थांनी ड्यूई जिंकणार म्हणून सांगितलं आणि ट्रूमन जिंकले. शेवटच्या दिवसांत मतं विचारणं थांबवलं होतं हे एक कारण, आणि सोपी माणसं निवडायची मोकळीक सर्वेक्षकांना होती हे दुसरं. कोट्यावर काम करत असाल तर निदान ओळखीच्या, हसतमुख, कोपऱ्यावरच्या घरांकडे पाय आपोआप वळतात हे ध्यानात ठेवा.

८. घरांची यादीच नसेल तर घर कसं निवडतात?

चांगली पद्धत म्हणजे आधी लिस्टिंग: गल्लीगल्लीतून फिरून प्रत्येक दाराला नंबर, नकाशा, मग त्यातून घरं काढायची. त्याला दिवस जातो. लसीकरणाच्या सर्वेक्षणांत पूर्वी ३० वस्त्या आणि प्रत्येकीत ७ मुलं अशी पद्धत फार चालायची. गावाच्या मध्यावर पेन किंवा बाटली फिरवायची, टोक जाईल त्या दिशेने पहिलं घर. सोपी होती, पण वस्तीच्या मधल्या घरांना संधी जास्त मिळायची आणि कडेची, आडबाजूची घरं मागे पडायची. त्या कडेच्या घरांतच लस न मिळालेलं मूल असण्याची शक्यता जास्त. आता जागतिक आरोग्य संघटनासुद्धा रीतसर यादीवरून निवड करायला सांगते.

९. दार ज्याने उघडलं त्यालाच विचारलं तर चालत नाही का?

घराबद्दलचे प्रश्न असतील (खोल्या, पाणी, वीज) तर जाणत्या कुणालाही विचारता येतं. मतं किंवा स्वतःबद्दलचे प्रश्न असतील तर नाही, कारण दार उघडणारा माणूस प्रत्येक घरात साधारण सारखाच असतो: घरी असणारा.

लेस्ली किश यांनी १९४९मध्ये यासाठी एक तक्ता मांडला. घरातली पात्र माणसं लिंग आणि वयाच्या क्रमाने लिहायची आणि फॉर्मवरच्या तक्त्यात जो क्रमांक निघेल त्याची मुलाखत. आता टॅब आपोआप नाव काढतो. काही ठिकाणी ‘नुकताच वाढदिवस झालेली व्यक्ती’ निवडतात. पद्धत कुठलीही असो, निवड झाल्यावर ‘त्याला काय कळतंय, मला विचारा’ हे ऐकायला मिळतंच. मी म्हणते, ‘दादा, तुम्ही जास्त सांगू शकाल हे खरं, पण नाव मशीनने काढलंय, मला बदलता येत नाही.’

१०. प्रश्न जसाच्या तसा वाचलाच पाहिजे का? लोकांना पुस्तकी भाषा कळत नाही.

वाचलाच पाहिजे. कळला नाही तर पहिल्यांदा तोच प्रश्न हळू, पुन्हा. तरी नाही कळला तर मॅन्युअलमध्ये दिलेलं स्पष्टीकरण, आपल्या मनातलं नाही. आणि प्रश्न एका अख्ख्या भागातल्या लोकांना कळत नसेल तर ते सुपरवायझरला त्याच रात्री सांगा. शब्द बदलायचा तर सगळ्यांनी एकदम बदलायचा.

याचं कारण आपण स्वतः आहोत. स्टुअर्ट राइस यांनी १९२९मध्ये छापलेलं एक उदाहरण मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते. न्यूयॉर्कमधल्या दोनेक हजार बेघर पुरुषांना त्यांच्या परिस्थितीचं कारण विचारलं गेलं. एक सर्वेक्षक दारूबंदीचा कट्टर समर्थक होता, त्याच्या कागदांवर दारू हे कारण वारंवार आलं. दुसरा समाजवादी होता, त्याच्याकडे उद्योगधंद्यांची परिस्थिती हे कारण आलं. दोघंही प्रामाणिक होते. हे वाचल्यापासून मी माझ्या आवाजाकडे जास्त लक्ष देते.

शब्द किती फरक पाडतो ते वॉशिंग्टन ग्रुपच्या (अपंगत्व कसं मोजायचं ते ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) सहा प्रश्नांत दिसतं. ‘तुम्ही अपंग आहात का?’ असं ते कुठेच विचारत नाहीत. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, चालायला किंवा पायऱ्या चढायला त्रास होतो का, असं विचारतात आणि उत्तरं चार: अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही. मधल्या एखाद्या उत्साही सर्वेक्षकाने वेळ वाचवायला ‘घरात कुणी अपंग आहे का?’ म्हटलं, की गुडघे धरून बसलेल्या आजीही ‘नाही गं बाई’ म्हणतात.

११. मग उकरून विचारायचं की नाही? सुपरवायझर म्हणतो ‘प्रोब कर’.

प्रोब म्हणजे उत्तर सुचवणं नाही. ‘अजून काही?’, ‘म्हणजे कसं?’, ‘जरा आठवून सांगाल?’ आणि गप्प बसणं, एवढीच हत्यारं.

एक प्रसंग सांगते. रोजगाराचं सर्वेक्षण. घरातल्या बाई म्हणाल्या, ‘मी काहीच करत नाही, घरीच असते.’ रोजगार मोजण्याचा आंतरराष्ट्रीय निकष असा, की मागच्या सात दिवसांत एक तास जरी मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी काम केलं तरी ती व्यक्ती कामात धरायची. म्हणून प्रश्नावलीत पुढे छापलेलंच होतं: ‘एखादा तासही, घरी बसूनसुद्धा, पैशासाठी काही काम केलंत का?’ मी तेवढंच वाचलं आणि थांबले. त्यांनी बोटावरचा दोऱ्याचा तुकडा काढून टाकला. मग पडदा सरकवला. मागे शिलाई मशीन आणि शर्टच्या कॉलरचे दोरीने बांधलेले गठ्ठे. ‘हे होय? हे काम थोडंच आहे. दुपारी चार तास बसते, बस.’ आठवड्याचे अठ्ठावीस तास, आणि त्या स्वतःच त्याला काम म्हणत नव्हत्या.

तो छापलेला प्रश्न मी ‘घरीच असता ना?’ म्हणून गिळला असता तर कागदावर त्या बिनकामाच्या राहिल्या असत्या.

१२. वय माहीत नसतं, तारखा आठवत नाहीत. अंदाजे लिहू का?

आधी कागद मागा: लसीकरणाचं कार्ड, दाखला. नसेल तर घटनांच्या कॅलेंडरवरून काढा: मोठा पूर, निवडणूक, लग्न, पहिलं मूल. तसं न करता लिहिलं की सगळी वयं ३०, ३५, ४०, ४५ होतात. हे पकडायला व्हिपल निर्देशांक आहे. २३ ते ६२ वयोगटात शून्य-पाचवर संपणारी वयं किती आली ते तो मोजतो. १०० म्हणजे त्या वयांचा ढीग नाही, ५०० म्हणजे सगळीच वयं शून्य-पाचवर. तुमच्या एकट्याच्या फॉर्मवरूनही तो काढता येतो.

घटना लक्षात राहिली तरी ती ‘परवाच झाली’ असं वाटणं माणसाच्या स्वभावात आहे. आठ महिन्यांपूर्वीचं आजारपण सहा महिन्यांत ओढलं जातं. म्हणून आधी काळाच्या सीमा खुणेने सांगा आणि मग प्रश्न विचारा.

१३. घरातली दुसरी माणसं शेजारी बसून उत्तरं देतात. त्यांना कसं उठवायचं?

साध्या सर्वेक्षणात प्रेमाने: ‘मावशी, तुमचंही ऐकते, आधी यांचं होऊ दे.’ आणि उत्तर निवडलेल्या माणसाचंच लिहायचं.

विषय घरातल्या हिंसेचा असेल तर नियम कडक आहेत आणि ते पाळण्यात कसूर झाली तर बाईला मार बसू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका घरात एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारायचे, पूर्ण एकांतात, आणि घरात सर्वेक्षणाची ओळख साध्या विषयाने करून द्यायची. मध्येच कुणी आलं तर विषय बदलायचा, त्यासाठी साधे प्रश्न तयार ठेवतात. एकांत मिळालाच नाही तर तो भाग सोडून द्यायचा आणि तसं नोंदवायचं. रिकामा भाग हा इथे चांगल्या कामाचा पुरावा आहे. कुणीही ‘हा भाग का राहिला’ म्हणून तुम्हाला रागावलं तर सूचना दाखवा.

१४. उत्पन्न, दारू, नको असलेले विषय: लोक खोटंच सांगतात ना?

काही सांगतात. पण आपण प्रश्न विचारताना आवाज खाली आणला, नजर चुकवली, तर तेही खोटं बोलायला शिकतात. बूट-चपलांबद्दल विचारावं त्याच सुरात विचारा. काही ठिकाणी टॅब त्यांच्या हातात देऊन त्यांनाच उत्तर टिपायला लावतात.

स्टॅन्ले वॉर्नर यांनी १९६५मध्ये एक सुंदर युक्ती मांडली. दोन उलट विधानांपैकी कोणत्याला उत्तर द्यायचं ते फिरकी (गोल फिरणारा काटा) ठरवते आणि फिरकीवर काय आलं ते फक्त उत्तर देणाऱ्याला दिसतं. आपल्याला ‘हो’ ऐकू येतं, पण ते कशाला हे कळत नाही. शेकडो उत्तरांवरून एकूण प्रमाण मात्र गणिताने काढता येतं.

१५. स्पष्ट नकार आला तर किती वेळा जायचं?

‘आत्ता वेळ नाही’ हा नकार नव्हे, ती भेटीची वेळ आहे. ‘आम्हाला भाग घ्यायचा नाही, परत येऊ नका’ हा नकार. त्यानंतर जायचं नाही. मधल्या धूसर नकारांना काही दिवसांनी दुसरा सर्वेक्षक पाठवतात, बहुतेकदा वयाने मोठा किंवा बाई. नोंद मात्र अचूक करा: नकार, संपर्क झाला नाही, घर रिकामं, पात्र कुणी नाही, हे चार वेगवेगळे कोड आहेत आणि प्रतिसादाचं प्रमाण त्यांच्यावरूनच काढतात. नकाराला ‘घर रिकामं’ लिहिणं म्हणजे खोटा फॉर्म भरण्याइतकंच.

१६. घरी बसून भरलेले फॉर्म खरंच पकडले जातात का?

जातात. टॅबमध्ये वेळ आणि जागा नोंदली जाते, चाळीस मिनिटांचा फॉर्म नऊ मिनिटांत झाला तर दिसतो. काही सर्वेक्षणांत संमती घेऊन मुलाखतीचे तुकडे ध्वनिमुद्रित होतात. सुपरवायझर काही घरी पुन्हा जातो, यालाच बॅकचेक म्हणतात. आणि टॅब येण्याच्या कितीतरी आधी प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी एकाच भागाचे दोन स्वतंत्र नमुने (निवडून काढलेले गट) दोन वेगळ्या टीमना द्यायची पद्धत रुजवली. दोघांचे निष्कर्ष फार वेगळे आले तर कुणाचं तरी काम तपासायचं.

पण अख्खा खोटा फॉर्म दुर्मीळ. जास्त नुकसान छोट्या पळवाटा करतात. १५ ते ४९ वयाच्या बायकांना लांबलचक भाग विचारायचा असेल, तर दमलेला सर्वेक्षक पन्नाशीला टेकलेल्या बाईचं वय ५० लिहितो, १५ वर्षांच्या मुलीचं १४. पाच वर्षांखालच्या मुलाचं सहा. एका शब्दाने पाऊण तास वाचतो. मग सगळ्या देशाच्या आकड्यांत ४९ला खड्डा आणि ५०ला टेकडी दिसते. संध्याकाळी सातव्या घरात हा मोह मला झालेला आहे. अशा वेळी मुलाखत उद्यावर टाका. उशिरा आलेला फॉर्म चालतो.

१७. मुलाखतीच्या मध्येच टॅब बंद पडला तर?

छापील फॉर्मवर पुढचं लिहून घ्या, माफी मागा आणि त्याच रात्री टॅबमध्ये भरा. आठवणीतून भरू नका. नेदरलँड्सने १९८७मध्ये कामगार सर्वेक्षण लॅपटॉपवर सुरू केलं तेव्हापासून यंत्रं बदलत आली, बॅटरी तेवढी बेभरवशाचीच राहिली.

१८. पैसे फॉर्ममागे चांगले की दिवसाला?

दिवसाला. फॉर्ममागे पैसे मिळतात तिथे बंद घराच्या चौथ्या फेरीची किंमत शून्य होते आणि सहाव्या प्रश्नातलं सगळं शहाणपण पोटापुढे टिकत नाही. सुरुवातीला मी जिथे काम केलं तिथे नकार आणि बंद घरांचे पैसे मिळायचे नाहीत. एका आठवड्यात एकोणीस दारांच्या चार-चार फेऱ्या केल्या आणि बसभाडं पदरचं गेलं. सर्वेक्षकाला दोष देण्याआधी त्याचा मोबदला कसा ठरलाय ते विचारायला हवं. कामावर रुजू होताना हे लेखी मागा: बंद घराच्या फेरीचे पैसे, प्रवास, मुक्काम, आजारपणाचे दिवस.

१९. एकट्या मुलीने हे काम करावं का?

करावं, पण एकटीने फिरू नये. जोडीने गल्ली घ्या, दर घराआधी जोडीदाराला सांगा, अंधार पडल्यावरची भेट दोघींनी मिळून. मनाला खटकलं तर आत जाऊ नका, उंबऱ्यावर बसून मुलाखत घ्या किंवा सोडून या. कुत्रा असेल तर मालकाला आधी बांधायला सांगा आणि पळू नका. चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्या दिवसाचा फॉर्म राहिला तरी हरकत नाही.

२०. लोक विचारतात, ‘हे सांगून आम्हाला काय मिळणार?’ काय सांगू?

खरं सांगा: तुम्हाला लगेच काही मिळणार नाही. पाणी येईल, योजना मिळेल असं चुकूनही म्हणू नका. तसं म्हटलं की लोक गरजेप्रमाणे उत्तरं बदलतात, आणि पुढच्या वेळी येणाऱ्याला दार बंद मिळतं.

२१. मुलाखतीत कुणी रडलं, किंवा घरात मुलाला धोका आहे असं कळलं तर?

रडलं तर टॅब खाली ठेवा आणि थांबा. पुढे जायचं की नाही हे त्यांना विचारा. मदत करणाऱ्या संस्थांची यादी सोबत असते, ती द्या. सल्ला देऊ नका.

मुलाच्या जिवाला धोका दिसला तर गोपनीयतेला अपवाद आहे का, हे ट्रेनिंगमध्येच विचारून घ्या, कारण संमतीपत्रात ते आधी लिहिलेलं असावं लागतं. दारात उभं राहून ठरवायची ही गोष्ट नाही. शंका आली तर त्याच तासाला सुपरवायझरला सांगा, शेजाऱ्यांना नाही.

२२. नमुन्यात ओळखीचं घर निघालं तर?

सहकाऱ्याशी अदलाबदल करा. ओळखीच्या माणसासमोर कुणी कर्ज, आजार खरं सांगत नाही.

२३. एकाच दारामागे दोन कुटुंबं निघाली. एक धरायचं की दोन?

स्वयंपाक आणि खर्च एकत्र असेल तर एक, वेगळा असेल तर दोन, एवढी ढोबळ व्याख्या जवळजवळ सगळीकडे आहे. भाऊ-भाऊ एका छताखाली, पण चूल वेगळी, म्हणजे दोन. दुसरं कुटुंब लिस्टिंगमध्ये सुटलं असेल तर स्वतःहून मुलाखत घेऊ नका, सुपरवायझरला कळवा. बाहेरगावी असणारा मुलगा, सहा दिवस दुसरीकडे राहणारा बाप, यांचा निकष प्रत्येक सर्वेक्षणात वेगळा असतो, तो पाठच करा.

२४. माझ्याच दारात सर्वेक्षक आला. खरा आहे हे कसं ओळखू?

ओळखपत्र आणि पत्र मागा, पत्रावरच्या कार्यालयाचा क्रमांक स्वतः शोधून फोन करा. खरा सर्वेक्षक बाहेर शांतपणे थांबतो. तो बँकेचा पिन, ओटीपी किंवा पैसे कधीच मागत नाही. एखादा प्रश्न नको वाटला तर ‘याचं उत्तर देत नाही’ म्हणा, तो पुढे जाईल.

२५. काही वर्षांनी त्याच घरी पुन्हा जायचं आहे. मागचं उत्तर पाहून आताचं लिहिलं तर चूक का?

त्याच कुटुंबांना पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या सर्वेक्षणाला पॅनल म्हणतात. अमेरिकेत १९६८पासून काही हजार कुटुंबांचं असं एक सर्वेक्षण चालू आहे, आता त्यांच्या नातवंडांच्या मुलाखती होतात. काही ठिकाणी टॅब मागचं उत्तर स्वतः दाखवतो आणि ‘मागच्या वेळी तुम्ही असं सांगितलं होतं, अजून तसंच आहे का?’ असं विचारायला लावतो. तिथे तसं विचारा. टॅब दाखवत नसेल तर आठवणीतलं उत्तर बाहेर काढू नका, कारण लोक ‘हो, तसंच’ म्हणून सोडून देतात आणि मधल्या वर्षांत झालेला बदल हरवतो.

अकराव्या प्रश्नातल्या बाईंकडे मला तीन वर्षांनी पुन्हा जावं लागलं. त्यांनी ओळखलं, ‘अगं, तू! ये.’ मी यादीप्रमाणे विचारत गेले. मागच्या सात दिवसांत काही काम? ‘नाही, घरीच.’ पडद्याकडे माझं लक्ष होतं. मग छापलेला प्रश्न वाचला: एखादा तासही, घरी बसूनसुद्धा? ‘नाही गं. मागच्या वर्षी विकलं मशीन. डोळे साथ देईनात.’ त्यांनी पडदा सरकवून दाखवला. मागे खाट होती. मी ‘नाही’वर टिचकी मारली आणि पुढचा प्रश्न वाचला.